वर्गात मंगळ, डोळ्यांवर रुमाल

पहिल्या वर्षी सातवीला मंगळमोहिमा शिकवल्या त्या प्रोजेक्टरवर. मंगळावर चाकांवर फिरणाऱ्या रोव्हर यानांपैकी क्युरिऑसिटीने पाठवलेले फोटो, पर्सिव्हिअरन्स उतरतानाचा व्हिडिओ, सगळं दाखवलं. मुलं खूश. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा कळलं, रोव्हर म्हणजे रिमोटवर चालणारी मोठी गाडी, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलंय. त्यांची तरी काय चूक? पडद्यावर सगळं लगेच घडत होतं.

पुढच्या वर्षी मी त्या रिमोटपासूनच सुरुवात केली. फळ्यावर दोन आकडे लिहिले. मंगळ अगदी जवळ आला तर साधारण ५.५ कोटी किलोमीटर, सगळ्यात लांब गेला की ४० कोटी. रेडिओ लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात. भागाकार मुलांनी केला: जवळ असताना ३ मिनिटं, लांब असताना २२.
"बाई, हे जायचे की जाऊन यायचे?"
नुसते जायचे.
मागच्या बाकावरून आवाज आला, "मग समोर खड्डा आला तर?" हाच प्रश्न मला हवा होता.

खेळ असा ठरवला. वर्गातले बाक वेडेवाकडे लावून मंगळाची जमीन केली, त्यात एक 'खडक' गाठायचा आणि वाटेतलं 'विवर', म्हणजे मोठा खड्डा, टाळायचं. प्रत्येक गटातला एक जण रोव्हर, डोळ्यांवर रुमाल बांधलेला. दुसरा कॅमेरा: रोव्हरच्या शेजारी उभं राहून समोर जे दिसतं ते कागदावर काढायचं, बोलायचं नाही. बाकीचे नियंत्रण कक्षात, म्हणजे बाहेरच्या व्हरांड्यात, वर्गाकडे पाठ करून. मधे निरोप्या. पर्सिव्हिअरन्स १८ फेब्रुवारी २०२१ ला उतरलं तेव्हा सिग्नलला सुमारे ११ मिनिटं लागत होती. आमच्याकडे एका मिनिटाचे ५ सेकंद केले. म्हणजे चिठ्ठी हातात आली की निरोप्याने दारात उभं राहून मनात ५५ मोजायचे, मगच द्यायची. चित्र परत आणतानाही तसंच. (आधी खरी ११ मिनिटं ठेवून पाहिली होती. तिसऱ्या मिनिटाला वर्गाचा बाजार झाला.)

पहिल्या दिवशी चिठ्ठ्या आल्या त्या "थोडं पुढे", "जरा डावीकडे" अशा. 'थोडं' म्हणजे किती, हे रोव्हर विचारू शकत नव्हता. एक रोव्हर बाकाला थडकला, दुसरा भिंतीशी जाऊन तोंड खुपसून उभा राहिला. दोन फेऱ्यांत मुलांनी आपणहून पावलं आणि काटकोन वापरायला सुरुवात केली. मग एका गटाच्या लक्षात आलं की एकेक आज्ञा पाठवण्यात तास संपेल. त्यांनी एका चिठ्ठीत नऊ आज्ञा लिहिल्या आणि शेवटी जोडलं: "पायाला काही लागलं तर जिथे आहेस तिथे थांब." खरे रोव्हरही असेच चालवतात, दिवसभराच्या आज्ञा एकदम पाठवून, आणि अडचण आली तर थांबण्याची अक्कल यंत्रातच घालून. हे मी सांगितलं ते त्यांनी करून झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर वहीत उतरवून घेतलं असतं, बस्स.

माझी मोठी चूक गुणांची. जो गट आधी खडकापर्यंत पोहोचेल तो जिंकला, असं मी ठरवलं होतं. सगळे सुसाट. समोर विवर दिसल्यावर एका गटाने रोव्हरला मागे वळवलं आणि तो शेवटचा आला, रडवेला होऊन. त्या गटाचंच बरोबर होतं. चंद्रावर चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरसमोर २७ ऑगस्ट २०२३ ला ४ मीटर व्यासाचं विवर आलं, ३ मीटर अंतरावर असतानाच ते दिसलं, आणि प्रज्ञानला आल्या वाटेने मागे फिरायला सांगितलं गेलं. ऑपॉर्च्युनिटी नावाचा रोव्हर २००४ पासून २०१८ पर्यंत मंगळावर काम करत होता आणि तेवढ्या काळात चालला ४५ किलोमीटर. मी वेगाचे गुण काढून टाकले आणि रोव्हर शाबूत राहण्याचे ठेवले. त्यानंतर नियंत्रण कक्षात भांडणं वाढली, पण ती ऐकण्यासारखी होती.

तिसऱ्या दिवशी एका गटाचा सराव केलेला रोव्हर गैरहजर. ती बुटकी मुलगी होती, तिच्या जागी वर्गातला सगळ्यात उंच मुलगा आला. चिठ्ठी तीच: "पाच पावलं पुढे." तो थेट विवरात. गट त्याच्यावर चिडला, तो म्हणाला, "मी पाचच टाकली!" तेव्हा मी १९९९ सालच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट सांगितली. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने यानाला बसणाऱ्या जोराचे आकडे पौंडांच्या हिशेबात दिले, मार्ग ठरवणाऱ्यांनी ते न्यूटनचे, म्हणजे जोर मोजायच्या दुसऱ्याच एककाचे, धरले. यान मंगळाच्या फार जवळ गेलं आणि हरवलं. मोजपट्टी मागायला मुलं स्वतःहून आली. एककांचा धडा मी इतकी वर्षं शिकवत्येय, असं आधी कधी घडलं नव्हतं.

उतरण्याचा प्रसंग मी शेवटी घेतला. पर्सिव्हिअरन्सला वातावरणात शिरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत सुमारे ७ मिनिटं लागली. सिग्नलला ११. म्हणजे 'शिरलं' ही बातमी इथे येते तेव्हा तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. वर्ग गप्प झाला. "म्हणजे ते फुटलेलं असलं तरी आपण बघतच बसायचं?" हो.

त्या दिवशी घंटा झाली, सगळे दप्तरं घेऊन पळाले. वर्गात एक रोव्हर अजून उभाच, डोळ्यांवर रुमाल. मोहीम संपल्याची आज्ञा त्याला कुणी पाठवलीच नव्हती. मी चिठ्ठी लिहिली आणि निरोप्याला हाक मारून परत बोलावलं. त्याने ती घेतली, दारात उभा राहिला, आणि मोजायला लागला.