भाऊबीज उरकून जपानच्या स्की गावात: आमचा हाकुबाचा अनुभव

लेकीला शाळेत विंटर ऑलिंपिकवर प्रोजेक्ट होता, त्यात तिला शिवा केशवन सापडला. १९९८ ला जपानमधल्या नागानोच्या ऑलिंपिकला भारताकडून गेलेला एकटाच खेळाडू, वय फक्त १६, खेळ ल्यूज, म्हणजे स्लेजवर आडवं पडून बर्फाच्या ट्रॅकवरून घसरत जायचं. झालं, तेव्हापासून घरात नागानो नागानो सुरू. माझा चुलतभाऊ टोकियोत निशी-कासाईला राहतो (तिकडं आपली मराठी माणसं भरपूर आहेत), तो पण कधीपासून या या म्हणत होता, म्हणून एकदा ठरवलंच की जायचं, आणि नागानोजवळच्या हाकुबाला जायचं, कारण त्या ऑलिंपिकचं स्की जंपिंग आणि डाऊनहिल तिथंच झालं होतं.

जाणारे चौघं. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझी आई, वय ६९, गुडघे दुखतात, पक्की शाकाहारी. हे आधीच सांगते कारण आमचं सगळं प्लॅनिंग शेवटी यावरच फिरलं.

पहिल्यांदा अर्थातच फेब्रुवारी बघितला, बर्फ सगळ्यात चांगला तेव्हाच असतो. पण तेव्हा जगभरातले स्कीवाले तिथं येतात, त्यात चायनीज न्यू इयर आलं की विचारूच नका, बऱ्याच ठिकाणी कमीत कमी चार-पाच रात्री घ्याच म्हणतात आणि रेट बघून आम्ही दोघं गप्पच बसलो. तरी पैशाचं एकवेळ जमवलं असतं, पण रस्त्यावर घट्ट बर्फ, त्यावरून आईनं रोज हॉटेल ते बसस्टॉप चालायचं कसं? ती म्हणाली तुम्ही जा, मी थांबते घरी. ते मला अजिबात नको होतं.

मग आमच्या इथल्या एका ट्रॅव्हल एजंटनं नोव्हेंबरच्या मध्याचं पॅकेज दिलं, छान स्वस्त, आणि म्हणाला सगळं चालू असतं मॅडम, गोंडोला (डोंगरावर नेणारी बंद डब्याची केबल कार) वगैरे सगळं. मी ॲडव्हान्स भरणारच होते. सहज भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, थांब. पैसे भरू नकोस. आधी डोंगरावर जायच्या लिफ्ट चालू आहेत का ते बघ." त्यानं लिफ्टवाल्या कंपनीचं कॅलेंडर उघडून दाखवलं. हिरवा सीझन, म्हणजे बिनबर्फाचा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो, आणि स्कीचा सुरू होतो डिसेंबरमध्ये. मधल्या काळात गोंडोला बंद, वर जायचा मार्गच नाही, गावातली निम्मी हॉटेलं पण बंद. स्वस्त का होतं ते तेव्हा कळलं. मला खरंच राग आला, कारण चार जणांचे पैसे होते आणि आईची बहुतेक ही एकच परदेश ट्रिप.

असाच गॅप स्की सीझन संपल्यावर वसंतातही येतो, मग लिफ्ट हळूहळू परत सुरू होतात. त्यामुळे विमानाच्या आधी हे कॅलेंडर बघायचं, आणि प्रत्येक डोंगराचं वेगळं बघायचं. हाप्पो-ओने, इवाताके, त्सुगाइके या तिन्हीच्या तारखा सारख्या नसतात.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत बसवलं. २०२५ ला भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती, ती करून दुसऱ्या दिवशी निघालो. आणि हा सीझन इतका सुंदर असतो हे मला आधी माहीतच नव्हतं. जपानीत त्याला सानदान कोयो म्हणतात, तीन पायऱ्यांची पानगळ, वर शिखरावर नवा बर्फ, मध्ये लाल-पिवळी झाडं, खाली अजून हिरवं. लेकीला बर्फ पण मिळाला, लांबून का होईना.

व्हिसाचं थोडक्यात. आता टुरिस्टला ई-व्हिसा मिळतो, पासपोर्टवर स्टिकर नाही. कागद नेहमीचेच, बँक स्टेटमेंट, आयटीआर, ऑफिसचं पत्र, आणि रोजचा कार्यक्रम तारखेप्रमाणे लिहून द्यावा लागतो, कुठं राहणार त्याच्यासकट. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, विमानतळावर तो व्हिसा फोनवर इंटरनेट लावून लाइव्ह उघडून दाखवायचा असतो, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. आईचा माझ्या फोनवर होता. चार्जिंग पूर्ण ठेवा आणि नेटची सोय आधीच करा.

जेआर पास, म्हणजे जपानभर रेल्वेनं फिरायचा टुरिस्ट पास, घेतला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० झाला, फक्त नागानोला जाऊन यायचं तर तो कशाला? टोकियो ते नागानो शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दीड तास, एका माणसाला साधारण आठ हजार येन, आणि नागानो स्टेशनच्या पूर्वेकडच्या बाजूनं हाकुबाची बस, सव्वा तास. ही शिंकान्सेन नागानोपर्यंत ऑलिंपिकसाठीच १९९७ ला आणलेली. शिंजुकूहून थेट हाकुबाला जाणारी आझुसा ट्रेन पण आहे, चारेक तास लागतात, पण दिवसातून एकच. मोठ्या बॅगा भावाकडं ठेवल्या, प्रत्येकी एकच छोटी घेतली, आईसोबत ते फार बरं पडलं.

तीन रात्री ठेवल्या ते देवाची कृपा म्हणायची. पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे हाप्पोचा गोंडोला बंद! काउंटरवरच्या बाईंनी वाकून चारदा सॉरी म्हटलं, पण वारा तो वारा. त्या दिवशी मग स्की जंपचं स्टेडियम बघितलं. लिफ्टनं अगदी वर, उडी मारायच्या जागेपर्यंत जाता येतं, पायाखाली जाळी आणि जाळीतून थेट खालचं दिसतं. लेक कठड्याला धरून दहा मिनिटं काही बोललीच नाही.

दुसऱ्या दिवशी आकाश एकदम साफ. गोंडोला, मग दोन चेअरलिफ्ट, की तुम्ही १,८३० मीटरवर. आईला चेअरलिफ्टची भीती वाटत होती, पण तिथल्या माणसानं खुर्ची हळू करून हात धरून बसवलं. वर हॉटेलसारखं एक घर आहे, तिथं ती गरम चहा घेऊन उन्हात बसली आणि आम्ही तिघं हाप्पो तळ्याकडं निघालो, २,०६० मीटर, तास-दीड तासाची वाट, लाकडी फळ्या आणि दगड, काही ठिकाणी रात्रीचा बर्फ पडून निसरडं झालेलं. साधे स्पोर्ट शूज घालून जाऊ नका. सगळ्यांच्या सॅकला अस्वलासाठी घंटा बांधलेल्या, आम्ही पण गावातून एक घेतली. तळ्यात हाकुबाची तीन शिखरं उलटी दिसत होती, सगळ्यात उंच शिरोउमा, २,९३२ मीटर. फोटो काढून आईला दाखवायला घाईघाईनं खाली आलो.

खाण्याचं मात्र सांभाळा. सोबा नूडल्स तिथली खासियत, पण सॉसमध्ये दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो, भाजीत पण असतो. भावानं जपानीत चिठ्ठी लिहून दिली होती, मांस नको, मासा नको, दाशी पण नको, ती सगळीकडं दाखवली. ओयाकी हा प्रकार आईला फार आवडला, कणकेच्या गोळ्यात भोपळा किंवा भाजी भरून भाजतात, विचारून घ्यायचं. बाकी फराळ होताच. संध्याकाळी बरीच हॉटेलं बंद किंवा लवकर बंद होतात, आणि छोट्या ठिकाणी रोखच लागते.

निघताना आईनं आमच्या पेन्शनच्या (तिकडं छोट्या घरगुती हॉटेलला पेन्शन म्हणतात) आजींना चकल्यांचा डबा दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी आजींनी एक चकली तिथंच खाऊन बघितली, मग आत जाऊन घरच्या सफरचंदांची पिशवी आणली. बसमध्ये आई ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, नागानो येईपर्यंत.