काकांची सनद

माझ्या काकांनी ती सनद चाळीस वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत जपली. थोरल्या माधवरावांनी आमच्या पूर्वजाला निफाडकडे जमीन इनाम दिली, हे घरात रामरक्षेसारखं पाठ. जमीन केव्हाच गेली, कागद आहे.

गेल्या वर्षी मी मोडी शिकलो (पन्नाशीनंतरची हौस) आणि पहिला बकरा हाच कागद. तारखेनं घाम काढला. 'सबा सितैन मया व अलफ' म्हणजे सात, साठ, शंभर, हजार. एकक आधी, हजार शेवटी. झाले ११६७. हा शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांतली जुनी कालगणना; आकडे अरबी शब्दांत, वर्ष मृग नक्षत्राला, मे-जूनमध्ये बदलतं. त्यात ५९९ मिळवायचे, तारीख जानेवारी ते मृगाच्या मधली असेल तर ६००. म्हणजे इसवी १७६६-६७. माधवराव पेशवे १७६१ ते १७७२. बसलं! फोन केला तर काका तासाभरात चिवडा घेऊन दारात हजर.

त्यांच्यासमोरच कागद खिडकीशी धरला. नको होता धरायला. उजेडात आतून इंग्रजी आकडे दिसले, १८४७. विलायती गिरणीच्या कागदातलं जलचिन्ह. मग नीट पाहिलं, तर शिक्क्याच्या जागी नुसतं वर्तुळ काढून आत 'शिक्का' असं लिहिलेलं.

"म्हणजे खोटी?"

खोटी नाही हो काका, नक्कल. बनावट करणारा शिक्का उठवतो. इथे शिक्का होता असं लिहून ठेवत नाही. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला इनामांची चौकशी करायचे अधिकार मिळाले, इनामदारांकडे कागद मागितले गेले. त्या धांदलीत कुणीतरी ही उतरवून घेतली असणार, असा माझा अंदाज. अस्सलाची नोंद असलीच तर पुण्याच्या पेशवे दप्तरात, आणि तिथले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) हजारोंनी.

तोवर निदान पूर्वज तरी खरा का, म्हणून दोघं रामकुंडावर आमच्या उपाध्यांकडे गेलो. गाव सांगितलं. त्यांनी लांबट वही काढली, बोट फिरवत नेलं आणि थांबवलं. शके १६९३. सनदेतलंच नाव, बापाचं नावही तेच. आईच्या अस्थी घेऊन आला होता. काकांचा गळा दाटला. मी फोटो काढता काढता विचारलं, "गुरुजी, हे अक्षर त्याचंच का?"

"छे हो. मूळ वही वाळवीनं खाल्ली. ही आमच्या पणजोबांनी उतरवून काढलेली."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आता ही पण खिडकीशी धरतोस का?"