एडीबी की एआरबी? ब्रिकेटचा सप्लायर होताना आलेला माझा अनुभव

नवी मुंबईतल्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीच्या बॉयलरला ब्रिकेट (भुसा दाबून केलेली जळणाची कांडी) द्यायचा विचार असेल, तर पहिलं काम हे करा: त्यांच्या परचेसला विचारा, "जीसीव्ही कुठल्या बेसिसवर हवी?" आणि उत्तर मेलवर घ्या, फोनवर नको. जीसीव्ही म्हणजे किलोभर माल जाळून किती किलोकॅलरी उष्णता मिळते तो आकडा, आणि बेसिस म्हणजे तो किती ओलाव्याच्या मालावर धरलाय ते. का, ते सांगतो. सांगताना थोडा राग निघेल, तेवढा सांभाळून घ्या.

आमचं युनिट मुरबाडजवळ. मेहुणा आणि मी भागीदार. मशीन तो बघतो. मी कळव्याला राहतो म्हणून कागद आणि गिऱ्हाईक माझ्या गळ्यात. वखारींमधला लाकडाचा भुसा आणि आसपासच्या राइस मिलमधला तूस, एवढाच कच्चा माल. नातेवाइकांना वाटतं आम्ही इथेनॉल काढतो. ती दुनियाच वेगळी. आमच्याकडे एक रॅम (दाबणारा दट्ट्या), एक डाय (साचा) आणि नाकातोंडात धूळ. भुसा इतक्या जोराने दाबला जातो की घर्षणाने तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ पडतं आणि तेच माल धरून ठेवतं. वरून काही मिसळावं लागत नाही.

जागा, वीज, संमतीपत्र, जीएसटी सगळं रीतसर झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. माल तोडलेल्या झाडांचा नाही असं हमीपत्रही कंपनीने मागितलं, त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकांना दाखवायला लागतं म्हणे. वखारीच्या आणि मिलच्या पावत्या जोडल्या, विषय संपला.

मग आला व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म. मॉइश्चर, राख, व्होलाटाइल मॅटर, फिक्स्ड कार्बन असे रकाने आणि शेवटी एक ओळ: 'जीसीव्ही, किमान 3600'. बस. एनएबीएल या लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या लॅबचा रिपोर्ट आमच्याकडे तयार होता. लॅबनेच सांगितलं होतं की किलोभर माल कशातही घालून आणा. रिपोर्टवर 3900 आणि बाजूला बारीक अक्षरात 'एडीबी'. आकडा तीनशेने वर होता, म्हटलं काम झालं. फाइल परत आली. शेरा: नॉट अ‍ॅज पर फॉरमॅट.

"साहेब, फॉरमॅट कुठला?"

"सप्लायर तुम्ही आहात ना? तुम्हाला माहीत पाहिजे."

ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडायची, घणसोलीला उतरायचं, रिक्षा करायची, गेटवर पास काढायचा आणि आत गेल्यावर हे ऐकायचं. फोन केला तर "साहेब मीटिंगमध्ये". मेल केला तर उत्तर नाही. राख जास्त झाली का, लेटरहेड चुकलं का, शिक्का राहिला का, सगळे तर्क करून झाले. शेवटी लॅबमधल्या एका मुलीनेच ओळखलं: "काका, त्यांना एआरबी हवं असणार."

प्रकरण साधं आहे. एडीबी (एअर ड्राइड बेसिस) म्हणजे लॅबच्या हवेत वाळू दिलेल्या नमुन्यावरचा आकडा. एआरबी (अ‍ॅज रिसीव्ड बेसिस) म्हणजे माल जसा ट्रकमधून उतरला तसा, सगळ्या ओलाव्यासकट. वाळलेल्या नमुन्यात 5 टक्के ओलावा आणि मूळ मालात 11 टक्के असेल, तर 3900 ला 89 ने (100 वजा 11) गुणून 95 ने (100 वजा 5) भागायचं. येतात 3650 च्या आसपास. म्हणजे आमचा माल त्यांच्या अटीत बसतच होता! आणि एआरबीची मागणी चूक आहे असंही मी म्हणत नाही. पाणी वाहून आणायचे पैसे कोण देईल? पण मग फॉर्मवर तीन अक्षरं छापायला काय जातं? ज्याने तो फॉर्म केला त्याने आयुष्यात ब्रिकेट हातात धरली असेल का, शंकाच आहे.

जुन्या रिपोर्टवर एआरबी लिहून द्यायला लॅबने नकार दिला. बरोबरच होतं. साध्या पिशवीतून आलेल्या नमुन्याच्या एकूण ओलाव्याची खात्री ते देणार कशी? म्हणून नमुना दुहेरी प्लास्टिकमध्ये, तोंड सील करून, भरल्या दिवशीच लॅबला पोचवा. नवा रिपोर्ट घेऊन गेलो, तर नवीन शेरा: नमुना कंपनीच्या माणसाने काढलेला हवा. तो माणूस रजेवर. तो येईपर्यंत पावसाळा लागला.

मुरबाडच्या पावसात ब्रिकेट उघडी राहिली की फुगते, चिरा पडतात आणि हातात घेतली की भुगा. कच्चा माल ओला असला तर त्याहून वाईट: डायमध्येच वाफ होते आणि कांडी फटकन फुटून बाहेर येते. मेहुणा रोज विचारायचा, "भाऊजी, माल कुठवर झाकून ठेवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सुटका झाली ती बॉयलर हाउसमधून. तिथे एक जुने अटेंडंट आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी फाइल पुढे केली तर म्हणाले, "कागद राहू दे, दोन गोणी माल आण." दुसऱ्या फेरीला नेला. त्यांनी एक कांडी गुडघ्यावर मोडली, आतला भाग बोटाने खरवडला, मग फावड्याने आत टाकून धूर बघत उभे राहिले. शेवटी राख ओढून काढली. राखेत तुसाच्या साली जशाच्या तशा दिसत होत्या, रंग तेवढा करडा.

"तूस जास्त घातलाय तुम्ही. कमी करा, मग लावतो."

त्यांचं खरं होतं. तुसात 15 ते 20 टक्के राख, ती बहुतेक सिलिका. लाकडाच्या भुशात जेमतेम एक-दोन टक्के. आमची डायसुद्धा तुसानेच झिजते. प्रमाण बदललं. मामांनी प्लांट मॅनेजरच्या कानावर घातलं आणि इतके दिवस न सापडणारा नमुनेवाला माणूस मुरबाडला हजर झाला! शेडमधला कोरडा माल त्याने स्वतः पिशवीत भरला, सील केला, सही केली. रिपोर्ट पास, व्हेंडर कोड मिळाला. परचेसच्या साहेबांनी मेल टाकला, 'वेलकम ऑन बोर्ड'. वाचून मी फोन पालथा ठेवला.

हे आधी सांगायचं राहिलं: नुसत्या पेंढ्याची ब्रिकेट कुणी स्वस्तात देऊ केली तर तिच्यावर उड्या मारू नका. पेंढ्यातल्या पोटॅशियममुळे राख लवकर वितळते, भट्टीच्या जाळीवर क्लिंकर (वितळलेल्या राखेचा दगडासारखा थर) धरतो आणि तो फोडणारे मामा तुमचं नाव लक्षात ठेवतात. पावसाळ्याचा कच्चा माल मे महिन्यातच शेडमध्ये आणा, जमिनीपासून वर फळ्या टाकून.

आणि गेटवरचा तो दोन काट्यांचा मॉइश्चर मीटर. तो लाकडासाठी बनवलेला असतो, दाबलेल्या ब्रिकेटमध्ये त्याचे काटे शिरत नाहीत. सिक्युरिटीवाला वरवर टेकवून काय दिसेल ते लिहितो आणि तेवढे पैसे बिलातून कापले जातात. वाद झाला तर नमुना ओव्हनमध्ये 105 ते 110 अंशांवर वाळवून येणारा आकडाच धरला जाईल, ही ओळ पहिल्याच पर्चेस ऑर्डरमध्ये घालून घ्या. आम्ही घालून घेतली आहे.