पिकअपला मागचा अँटी-रोल बार: टाकायचा की नाही?

भरलेली पिकअप कन्नड घाटात वळणावर कलंडायला लागली की जो तो सांगतो, मागे बार टाका, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणावरचं झुकणं कमी करणारा स्टीलचा दांडा. पण लोक चार वेगळ्या दुखण्यांना ‘गाडी डुलते’ एवढंच म्हणतात, म्हणून बार घेण्याआधी मी ती वेगळी करून पाहिली.

वळणावर झुकते आणि वळण संपेपर्यंत तशीच राहते, ते काम बारचं. खड्ड्यातून गेल्यावर वरखाली होतच राहते, ते शॉकअपचं. माल भरताच मागून बसते, ते पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं). बार वजन पेलत नाही. दोन्ही चाकं सारखी वर आली तर तो बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी तुकड्यांत, नुसता फिरतो. आणि सरळ रस्त्यावर मागचा भाग इकडेतिकडे सरकत असेल तर पाट्या ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट, शॅकलचे (पाट्यांच्या टोकाच्या झुलत्या जोडाचे) बुश आणि टायरची हवा तपासायची.

हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. जळगावच्या मे महिन्यात दुपारी प्रेशर वाढलेलं दिसतं, कुणीतरी हवा सोडतो, आणि टायरची बाजू मऊ पडून डुलणं आणखी वाढतं. पुढच्या बारचे बुश आणि लिंक (बारचं टोक जोडणारी छोटी दांडी) आधी बदलले. पुढचा ढिला आणि मागचा कडक, अशी जोडी झाली तर रिकामी गाडी ओल्या वळणावर मागून सुटते.

एवढं करूनही उरलं ते वळणावरचं झुकणं. त्यात मालाची उंची मोठी: सुटा कापूस हलका, पण हौद्याच्या बराच वर जातो, केळीचे क्रेट जड आणि वरपर्यंत रचलेले. म्हणून बार घ्यायचं ठरलं, पण बारीक. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिमीऐवजी २२ मिमी घेतला तर तो जवळपास ४६ टक्के जास्त कडक. लिंकसाठी दोन भोकं होती, त्यातलं टोकाकडचं वापरलं. बारचा वळवलेला टोकाचा भाग, म्हणजे हात, लांब झाला की बार मऊ होतो. मऊच का, तर रावेर-यावलकडच्या बागांत पावसाळ्यात एक चाक चरीत उतरतं. कडक बार दुसऱ्या बाजूलाही खेचतो, एका चाकावरचा भार जातो आणि तेच चाक चिखलात जागेवर फिरत राहतं.

बसवताना चेसिसला वेल्डिंग नको, चेसिसच्या लांब पट्टीच्या वरच्या-खालच्या कडेला भोकंही नकोत. ब्रॅकेट आहेत त्या भोकांवर घ्यायचे. ॲक्सलवरच्या क्लॅम्पखाली ब्रेकचा पाइप दबतो, तो आधी बाजूला धरायचा. भारानुसार मागचा ब्रेक बदलणारा वॉल्व्ह असेल तर त्याच्या दांडीला बार लागता कामा नये. जॅकवर ॲक्सल लोंबकळताना आणि पूर्ण माल भरल्यावर, दोन्ही वेळा स्टेपनी, सायलेन्सर आणि ब्रेक होज यांच्यापासूनचं अंतर बघायचं. लिंकच्या रबरी बुशचे नट चाकं जमिनीवर असतानाच शेवटचे ओढायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. पॉलियुरेथेन बुश असतील तर आतून ग्रीस हवंच. करकर त्याशिवाय थांबत नाही. थोडं चालवून झालं की सगळे नट परत ओढायचे, आणि टकटक आली तर आधी लिंक हलवून बघायची.