पुणे–ताम्हिणी–दिवेआगर, स्कूटरवरून: ऑक्टोबरात अंगावर काय असावं

ऑक्टोबरात पुण्याहून ताम्हिणी घाटाने दिवेआगरला स्कूटरवर गेलं की तीन ऋतू एकाच फेरीत भेटतात. पहाटे मुळशीच्या पाण्याकडेने बोचरा वारा, माणगावच्या पुढे घामाने चिंब करणारं कोकणातलं ऊन आणि परतताना दुपारनंतर घाटात परतीच्या पावसाची सर. एका बाजूचं अंतर साधारण १६० किलोमीटर. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असा रस्ता. वर्षभर वापरायचे कपडे खरंच उपयोगाचे आहेत का, हे तपासायला पुण्याच्या जवळ याहून चांगला रस्ता नाही. म्हणून हा वृत्तांत कपड्यांच्या अंगाने लिहिला आहे.

आधी मुख्य मुद्दा. बाजारात ‘ऑल सीझन’ म्हणून जे जाड जॅकेट मिळतं, त्यात आत झिपने लावायचं उबदार अस्तर असतं आणि पावसाचंही अस्तर असतं. पुणे-कोकणच्या हवेत ते चालत नाही. दमट उन्हात बाहेरचं जाड कापड सहन होत नाही, मग जॅकेट काढून मागे दोरीला बांधलं जातं आणि नेमकं रहदारीच्या रस्त्यावर अंग उघडं पडतं. पावसाचं अस्तर आत असल्यामुळे बाहेरचं कापड पाणी पितं, जड होतं, आणि ते पाणी वाऱ्याने उडताना अंगातली ऊब घेऊन जातं. शिवाय सर आली की भर रस्त्यात जॅकेट उतरवून अस्तर जोडत बसावं लागतं. त्यापेक्षा संरक्षणाचा थर एकच ठेवावा, तोही जाळीच्या कापडाचा, आणि तो बाराही महिने अंगावर असावा. थंडीचा थर त्याच्या आत, पावसाचा थर त्याच्या बाहेर. हवा बदलली की हे दोन बदलतात, मधला कधीच उतरत नाही.

जाळीचं जॅकेट घेताना खांदे, कोपर आणि पाठ इथले आर्मर, म्हणजे आघात झेलणारे पॅड, आणि त्यांच्यावरचा शिक्का बघा. खांदा-कोपर-गुडघ्यासाठी ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक आहे. त्यात लेव्हल १ म्हणजे ठरावीक आघातानंतर आत पोचणारं सरासरी बल ३५ किलोन्यूटनच्या आत, लेव्हल २ म्हणजे २० च्या आत. पाठीसाठी ईएन १६२१-२. तिथे हेच आकडे १८ आणि ९ आहेत. बऱ्याच जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता मऊ फोम घालून देतात. त्यावर कुठलाही आकडा नसतो. तो फोम काढून खरा बॅक प्रोटेक्टर घालावा, खर्च थोडाच वाढतो. सगळ्या कपड्याचा दर्जा ईएन १७०९२ मध्ये येतो: एएए, एए, ए अशा उतरत्या पायऱ्या. जाळीची बरीच जॅकेटं ए वर्गात बसतात. शहर आणि घाटातला स्कूटरचा वेग बघता ए चालेल, पण एए मिळालं आणि परवडलं तर तेच घ्यावं.

मापाच्या बाबतीत मात्र घाई नको. दुकानात उभं राहून आरशात बघितलेलं माप स्कूटरवर बसलं की बदलतं. हात पुढे गेला की बाही दोन-तीन सेंटिमीटर वर सरकते, मनगट उघडं पडतं. बसल्यावर जॅकेट मागून वर चढतं. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांसमोर गाडी लावता येते. जॅकेट घालून आपल्याच स्कूटरवर बसून बघा, दुकानदार नाही म्हणत नाहीत. मग दुसऱ्याला कोपरावरचा आर्मर चिमटीत धरून फिरवायला सांगा. तो हाडावरून बाजूला सरकला तर पडताना हमखास सरकणार, मग त्याचा दर्जा लेव्हल २ असो नाहीतर आणखी काही. दंडावरचे पट्टे ओढून तो स्थिर होत असेल तर ठीक, नाहीतर एक माप लहान घ्या. मोटारसायकलच्या रेसिंग पद्धतीचा कट टाळा. तो पुढे वाकून बसण्यासाठी शिवलेला असतो, आणि स्कूटरवर पाठ ताठ असते, त्यामुळे छातीवर चुण्या पडतात आणि खांद्याचा आर्मर वर उचलला जातो.

गुडघ्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. स्कूटरवर गुडघा काटकोनात वाकलेला असतो आणि आडवं पडताना पायाचा तोच भाग आधी जमिनीला लागतो. साधी जीन्स डांबरावर घासली की लगेच फाटते. आत अरामिडचं (केव्हलरसारख्या चिवट धाग्याचं) अस्तर असलेली जीन्स किंवा जाळीची रायडिंग पँट हवी. ते नको असेल तर नी-गार्ड. पण नी-गार्ड उभं राहून बांधलं की बसल्यावर खाली घसरतं आणि नडगीवर येऊन थांबतं. आधी बसा, गुडघा वाकवा, कप नेमका वाटीवर ठेवा, मग वरचा पट्टा घट्ट आणि खालचा किंचित सैल बांधा. गार्ड पँटच्या आत, पातळ लेगिंगवर बांधलं की पट्टा पोटरीला काचत नाही.

चांदणी चौक ते पौड

सहाच्या सुमाराला निघालं तर भूगाव-पिरंगुटची कोंडी टळते. उशीर झाला की पिरंगुटच्या कारखान्यांचे ट्रक, त्यांची धूळ आणि रस्त्यावर सांडलेली बारीक खडी या सगळ्यातून जावं लागतं. या टप्प्यात हेल्मेट आणि चेहऱ्यावरचं कापड यांचा कस लागतो.

हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का, आयएस ४१५१ हा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. जून २०२१ पासून या शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला नकली शिक्क्याची टोपली मिळतेच. जुन्या बाजारातून वापरलेलं हेल्मेट मुळीच घेऊ नका. आतला थर्मोकोलचा थर एकदा दबला की परत फुगत नाही आणि बाहेरून काही दिसत नाही. जबडा झाकणारं पूर्ण हेल्मेटच घ्या.

पुण्यात डोक्याला घट्ट गुंडाळायचा सुती स्कार्फ सगळ्यांच्या सवयीचा आहे, आणि धुळीला तो चांगला आहे. फक्त मागे मानेवर गाठ मारू नये. ती गाठ हेल्मेटला मागून वर ढकलते, कपाळावर हेल्मेट पुढे झुकतं आणि हनुवटीचा पट्टा नीट ताणला जात नाही. स्कार्फचे पदर जॅकेटच्या आत खोचावेत. ओढणी घेऊन मागे बसणाऱ्या व्यक्तीने तर ती आधी कमरेला बांधून वर जॅकेट घालावं. साडीगार्ड चाकाचा काही भागच झाकतं. उडणारं टोक चाकात जायला एक क्षण पुरतो. लांबच्या रस्त्याला डोकं, चेहरा आणि मान झाकणारा पातळ बलाक्लाव्हा स्कार्फपेक्षा बरा. तुळशीबागेत मिळणारा सनकोट उन्हाला उत्तम आहे, पण तो आर्मर असलेल्या जॅकेटऐवजी घालायची वस्तू नाही.

मुळशी ते विळे

पौड सोडलं की हवा उतरते. धरणाच्या कडेने जाताना जाळीतून थेट वारा आत येतो. ऑक्टोबरात त्यासाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही: रेनकोटचं जॅकेट वरून चढवलं की वारा थांबतो. डिसेंबर-जानेवारीत आत पातळ थर्मल किंवा घट्ट बसणारं फ्लीस घाला. जाड स्वेटर नको, त्याने बाही आवळते आणि कोपराचा आर्मर पुढे सरकतो. गळा बंद केला नाही तर बाकी सगळं असूनही थंडी वाजते.

पायाला सांभाळा. बहुतेक स्कूटरची चाकं १० किंवा १२ इंचाची, घाटातल्या खड्ड्यात ती मोठ्या चाकापेक्षा खोल उतरतात, पाय फूटबोर्डवरून उडतो आणि घोट्यावर गाडी येते. घोटा झाकणारा, कडक टाचेचा, नाडी आत खोचता येणारा बूट हवा. फ्लोटर किंवा चपलांवर हा घाट उतरू नये.

हातमोज्यांवर तळहाताच्या मनगटाकडच्या उंचवट्यावर कडक स्लायडर, म्हणजे रस्त्यावर घसरणारी गुळगुळीत चकती, हवा, कारण पडताना माणूस आधी तळहात टेकतो. मनगटाचा पट्टा आवळून मोजा ओढून बघा; निघून आला तर तो उपयोगाचा नाही. मोज्याचा काठ बाहीच्या वर की आत हे ऋतूप्रमाणे ठरतं. कोरड्या हवेत वर, पावसात बाहीच्या आत. नाहीतर बाहीवरून ओघळणारं पाणी सरळ मोज्यात जमा होतं.

धुक्यात काळा रेनकोट दिसत नाही, आणि बाजारात सगळ्यात जास्त काळेच असतात. पिवळा किंवा केशरी मागून घ्या. चमकणाऱ्या पट्ट्या समोरून दिवा पडला तरच उजळतात. पहाटेच्या करड्या उजेडात फ्लोरोसंट रंगच कामाला येतो. पाठीवर सॅक असेल तर जॅकेटवरच्या पट्ट्या झाकल्या जातात, म्हणून सॅकचं पावसाळी कव्हरही त्याच रंगाचं घ्यावं.

माणगाव ते दिवेआगर

इथे रेनकोट डिकीत जातो आणि जाळीचं जॅकेट आपलं मोल दाखवतं. आत सुती टी-शर्ट नको. घामाने भिजलेलं सूत इथल्या दमट हवेत वाळत नाही, अंगाला चिकटतं आणि खांद्याच्या शिवणीखाली चामडी सोलते. घाम पसरवणारा पातळ पॉलिस्टरचा, लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला. एप्रिल-मेमध्ये पुणे-सोलापूर बाजूला उलट करावं: हवा कोरडी असते, तिथे सुती बनियन ओला करून जाळीखाली घातला की तो वाळेपर्यंत चांगला गारवा देतो. चाळीस अंशांच्या पुढे मात्र नुसता वारा गरमच लागतो, अशा वेळी जाळीवरून पातळ कपडा घालून वारा थोडा रोखलेला बरा, आणि पाणी पीत राहावं.

परतीचा पाऊस

दुपारी तीननंतर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढलेले दिसले की विळ्यालाच थांबून रेनसूट घालावा. घाटात थेंब सुरू झाल्यावर थांबायला सुरक्षित कठडा सहज सापडत नाही.

रेनसूट दोन भागांचा असावा, जॅकेट आणि पँट. घोंगतं किंवा पोंचो वाऱ्याने फुगतो, गाडी ओढतो आणि आरसे झाकतो. कापडाची पाणी अडवायची क्षमता मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. ५,००० च्या खालचं घेऊ नये, १०,००० असेल तर निश्चिंती. पण आकड्यापेक्षा शिवण महत्त्वाची. आतून सगळ्या शिवणींवर टेप चिकटवलेली आहे का, हे उलटं करून बघा, विशेषतः पँटच्या बैठकीत. स्कूटरच्या सीटवर उतारामुळे पाणी साचतं आणि बसलेल्या वजनाने ते शिवणीतून वर दाबलं जातं. बहुतेक रेनकोट तिथेच हरतात. बैठकीत मध्ये शिवण नसलेली, एकसंध तुकड्याची पँट मिळाली तर तीच घ्या. रेनकोटचं माप जॅकेट अंगात घालून ठरवावं, नेहमीपेक्षा एक-दोन मापं मोठं लागतं.

स्कूटरचा पुढचा पत्रा नडग्यांना वाचवतो, गुडघे मात्र भिजतात. पुढच्या चाकाचं पाणी फूटबोर्डवर उडून बुटाच्या वरून आत शिरतं. पँटचा पाय बुटाच्या बाहेरून, तळव्याखालच्या इलॅस्टिकने अडकवा. प्लॅस्टिकची शू-कव्हरं टाळा: तळ गुळगुळीत असतो, ओल्या डांबरावर पाय टेकला की सटकतो. रायडिंगच्या हातमोज्यांवरून भांडी घासायचे रबरी हातमोजे, एक माप मोठे, चढवले तर हात कोरडे राहतात आणि ब्रेकची जाणीवही जात नाही.

काचेवर वाफ धरणं ही चष्मेवाल्यांची मोठी अडचण. पिनलॉकची, म्हणजे वाफ अडवणारी, आतली पट्टी लागणारं हेल्मेट असेल तर ती लावाच. नसेल तर निघण्याआधी काचेच्या आतून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पसरून कोरड्या मऊ कापडाने पुसा, आणि पावसात काच एका टप्प्याने उघडी ठेवा. गडद काच संध्याकाळी घाटात चालत नाही. मुळशीपर्यंत रस्त्यावर दिवे नाहीत.

डिकीत सगळ्यात वर रेनसूट, त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पायमोज्यांचे दोन जोड आणि कोरडा टी-शर्ट, मग काच पुसायचं कापड. डिकी इंजिनच्या डोक्यावर असते, ती तापते. ओला रेनकोट तिथे घडी घालून आठवडाभर ठेवला तर आतला लेप चिकट होतो, टेप सुटते आणि बुरशी धरते. घरी आलात की तो दोरीवर, सावलीत टाका. समुद्राकाठून आल्यावर जॅकेट आणि बुटांच्या झिपा गोड्या पाण्याने धुवा, खारामुळे त्या अडकतात. वाळल्यावर दातांवर मेणबत्ती फिरवली की पुन्हा सरळ चालतात. जॅकेट धुताना आर्मर काढून ठेवा, गार पाणी आणि सौम्य साबण वापरा, कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका आणि पिळू नका. आर्मर परत घालताना डावा-उजवा आणि वर-खाली तपासा. उलटा घातलेला कोपराचा कप बाहेरून ओळखू येत नाही.