माथ्यावरची धायटी

पाणलोटाच्या कामाची आमची रीत ठरलेली आहे: माथ्यापासून सुरुवात करायची आणि पायथ्याकडे यायचं. पाणी जिथून पळायला लागतं तिथंच अडवलं, तर खालच्या बंधाऱ्यांवरचा भार हलका होतो. कन्नड तालुक्यातल्या त्या गावात फाल्गुनात सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत जाणारे लांब चर, खोदायला घेतले, तेही माथ्यावरूनच. अजिंठ्याच्या रांगेतली ही टेकडी. पलीकडे गौताळ्याचं जंगल, पुढे औट्रम घाट उतरला की चाळीसगाव. अलीकडचं पाणी शिवनेतून गोदावरीला जातं, घाटापलीकडचं गिरणेतून तापीला.

मंजूर नकाशात माथ्याचा एक मोठा तुकडा ‘पडीक, खडकाळ’ म्हणून दाखवला होता आणि त्याच्यावरून चरांच्या रेघा सरळ गेल्या होत्या. वर जाऊन पाहिलं तर उघडा काळा कातळ आणि त्याच्या भेगाभेगांतून उठलेली धायटीची झुडपं. फुलोरा ऐन भरात होता. धायटीच्या लांब, खाली झुकलेल्या फांद्यांवर या दिवसांत पानं विरळ होतात आणि सगळी फांदी नळीसारख्या लाल फुलांनी भरून जाते. तिच्या पाकळ्या अगदी नावापुरत्या असतात, तो लाल रंग पाकळ्यांबाहेरच्या पुष्पकोशाचा. म्हणून फूल सुकलं तरी रंग बराच काळ टिकतो आणि त्याच कोशाच्या आत बी धरतं. हे बी फार बारीक असतं. वाऱ्यापाण्याबरोबर ते खडकाच्या फटीत जाऊन बसतं आणि चिमूटभर मातीवर रुजतं. दुसरं झाड जिथं तग धरणार नाही तिथं ही उभी राहते. सूर्यपक्षी एका झुडपावरून दुसऱ्यावर नुसते धावत होते.

जेसीबीवाला भाऊ म्हणाला, “मॅडम, झुडपं काढून घेतो, मग रेघ ओढा.” मी त्याला थांबवलं. समतल रेघ आखायची ए-फ्रेम बाजूला ठेवली आणि पहारीनं पाच-सहा ठिकाणी टोचून पाहिलं. चार बोटं मातीखाली कातळ लागत होता. चर साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल करायचा असतो, त्याला निदान मुरूम तरी लागतो. इथं बकेट घातली असती तर चर झालाच नसता. आहे तेवढी माती मात्र उपटून मोकळी झाली असती आणि पहिल्या वळवानं खाली वाहून नेली असती.

तेवढ्यात फडक्यात फुलं गोळा करणाऱ्या एक आजी जवळ आल्या. फुलं वाळवून त्या व्यापाऱ्याला देतात. औषधाच्या कारखान्यांत आसव-अरिष्टं आंबवायला ती लागतात. कुमारी आसव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, सगळ्यांत धायटी असते. फुलातल्या मधावर वाढणारं यीस्ट आंबवण्याचं काम करतं. आजींना माझं मशीन बघून काळजी वाटत होती, पण फुलांपेक्षा वेगळ्याच गोष्टीची. त्या म्हणाल्या, “बाई, याच्या खाली कड्याला झिरा हाये. ही झुडपं गेली की तो बी गेला म्हणून समजा.”

झिरा पाहायला मी त्यांच्यासोबत खाली उतरले. बेसाल्टचे थर एकावर एक रचलेले आणि मधे गेरूसारखा लाल मातकट पट्टा. कोरड्या फाल्गुनातही पट्ट्याच्या वरच्या कडेला ओल होती, शेवाळ होतं. सगळा उलगडा तिथंच झाला. माथ्यावरच्या कातळाला उभ्या भेगा आहेत. पावसाचं पाणी त्या भेगांतून खाली येतं, लाल थराला अडतं आणि आडवं होऊन कड्याला बाहेर पडतं. धायटी नेमकी त्याच भेगांच्या तोंडावर उभी आहे. आमच्या भाषेत हे पुनर्भरण क्षेत्र, म्हणजे झऱ्याचं पाणी जिथून मुरतं ती जागा, आणि नकाशात तेच पडीक!

सरपंचांना आणि ठेकेदाराला हे तोंडी सांगून भागलं नसतं. कामाचं बिल रनिंग मीटरवर, म्हणजे चराच्या लांबीवर निघतं, रेघ कमी झाली की पैसे कमी होतात, त्यामुळे त्यांचा विरोध मला समजत होता. मी टँकरमधून पाण्याचे कॅन वर आणवले. एक कॅन उघड्या कातळावर ओतला. पाणी क्षणात उतारावरून धूळ घेऊन गेलं. दुसरा धायटीच्या वरच्या अंगाला तितक्याच वेगानं ओतला. पाणी पाचोळ्यात अडलं, बुंध्याशी फिरलं आणि भेगेत उतरलं. खाली फारच थोडं आलं, तेही नितळ. सरपंच म्हणाले, “आणखी एक ओता.” तिसऱ्या वेळेलाही तसंच झालं.

माझं म्हणणं एवढंच होतं की चर जे काम करणार, ते इथं आधीच चालू आहे आणि तेही फुकट. मशीननं उकरलेला गाळ या भेगांत बसला तर त्या बुजतील, मग कितीही खोदलं तरी त्या पुन्हा उघडता येणार नाहीत. ठेकेदार बराच वेळ भांडला. वृक्षारोपणाचे खड्डे तरी घेऊ द्या, असंही म्हणाला. त्यालाही मी नाही म्हटलं. चार बोटं मातीत लावलेलं रोप मे महिन्यात मरतं आणि त्याच्यासाठी जगलेलं झाड काढायचं, हे मला मान्य होणारं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही रेघा खाली, मुरूम लागतो तिथं सरकवल्या आणि खुणेसाठी चुन्याची फक्की टाकून घेतली. पहारीच्या नोंदी, फोटो आणि आजींनी दाखवलेल्या झिऱ्याची जागा जोडून सुधारित आराखडा तालुक्याला पाठवला. त्यात कातळाच्या तुकड्यापुढचं ‘पडीक’ खोडून ‘झऱ्याचं पुनर्भरण क्षेत्र, खोदकाम करू नये’ असं लिहिलं. गावाचं त्या टप्प्याचं बिल कमी निघालं आणि सरपंचांनी तरीही सही केली. शेजारच्या दोन गावांचे नकाशे अजून जुनेच आहेत आणि तिथंही माथ्याला धायटी आहे. पहार घेऊन आता तिकडं जायचं आहे.