३५० ला कुठला मॅनिफोल्ड घालायचा? विषय हार्ड

सिंगल प्लेन घेऊ नका. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर पहिल्याच ओळीत दिलं, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

आमच्या एका मित्राकडं १९७१ ची शेव्हरोले नोव्हा आहे, आत ३५० क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक, म्हणजे ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-८. त्याचा मूळचा लोखंडी इन्टेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरमधनं हवा-पेट्रोल सिलिंडरपर्यंत नेणारा भाग, थर्मोस्टॅटच्या तोंडाशी पाण्यानं इतका खाल्लाय की नखानं खरवडलं तरी पोपडा निघतोय, पॅकिंग बसायला सपाट जागाच उरलेली नाही. बदलायचाच होता. आणि कोल्हापुरात असली गाडी उघडली की सल्ला द्यायला अख्खी तालीम गोळा होते, सगळ्यांचं एकच, जेवढा मोठा घालशील तेवढी गाडी पळणार, जाळ आणि धूर संगटच पाहिजे भावा!

तर आधी आत काय चालतं ते बघू. सिंगल प्लेनमध्ये कार्ब्युरेटरच्या खाली एकच मोठा हौद असतो आणि त्यातनं आठही सिलिंडरना आखूड सरळ वाटा जातात. इंजिन वर फिरायला लागलं की हवेला अडथळा कमी, म्हणून वरच्या आरपीएमला (मिनिटाला फेरे) ताकद निघते. ड्युअल प्लेनमध्ये वरखाली दोन मजले, कार्ब्युरेटरची अर्धी बाजू चार सिलिंडरना आणि अर्धी उरलेल्या चारना. व्ही-८ मध्ये दर ९० अंशाला एक सिलिंडर पेटतो, फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, आणि वाटा अशा जोडलेल्या असतात की एक ओढ या मजल्यावर तर पुढची त्या मजल्यावर, म्हणजे एका मजल्याला १८० अंशातनं एकदा ओढ बसते. त्यामुळं शेजारचा सिलिंडर शेजाऱ्याचं पळवत नाही, वाटा लांब असल्यानं कमी आरपीएमलाही हवेचा वेग टिकतो आणि पेट्रोल नीट फुटून जातं. खालचा टॉर्क म्हणतात तो इथनं येतो.

आता कंपनीवालेच काय सांगतात बघा. एडलब्रॉक या मॅनिफोल्ड बनवणाऱ्या कंपनीचा साधा परफॉर्मर आयडलपासनं ५५०० पर्यंत, परफॉर्मर आरपीएम १५०० ते ६५००, हे दोन्ही ड्युअल प्लेन. व्हिक्टर ज्युनिअर सिंगल प्लेन, तो ३५०० पासनं वर. आता मला सांगा, तावडे हॉटेलपासनं दाभोळकर कॉर्नरपर्यंत ३५०० च्या वर गाडी कोण चालवतंय? पन्हाळ्याच्या चढाला, आंबा घाटात, गगनबावड्याला, सगळीकडं आपल्याला २००० ते ३५०० मध्येच काम. तिथंच इंजिन अडखळायला लागलं तर वरची ताकद काय आरतीला घ्यायची? आणि १९६७ ते ६९ ची कॅमारो झेड-२८, तिचं ३०२ इंजिन तर उंच आरपीएमचंच होतं, तरी त्यावर कंपनीनं ॲल्युमिनियमचा हाय-राइज ड्युअल प्लेन आणि ७८० सीएफएमचा (मिनिटाला घनफूट हवा) होली कार्ब्युरेटर दिला होता. त्यामुळं ड्युअल प्लेन म्हणजे म्हाताऱ्यांचा, हे डोक्यातनं काढा.

कार्ब्युरेटरचा हिशोब पण तिथंच करून टाकायचा. क्युबिक इंच गुणिले आरपीएम भागिले ३४५६. आपलं ३५० गुणिले ५५००, येतात ५५७, आणि रस्त्यावरचं इंजिन पूर्ण भरत नसतंय, ८५ टक्के धरलं तर पावणेपाचशेच्या आसपास सीएफएम. म्हणजे ६०० चा कार्ब्युरेटर भरपूर झाला. ७५० लावला की रुबाब वाढतो, पिकअप मरतो.

गरम हवेचा मुद्दा वेगळा आहे आणि तो आपल्याकडं जास्त लागू. जुन्या मॅनिफोल्डमध्ये एक्झॉस्टचा गरम धूर कार्ब्युरेटरच्या खालनं फिरवायची वाट असते, तिकडं बर्फात पेट्रोल गोठल्यासारखं जाड राहू नये, नीट वाफ व्हावी म्हणून. आपली थंडी म्हणजे रंकाळ्यावर स्वेटर घालून भजी खायची थंडी. एप्रिलमध्ये गाडी दहा मिनिटं थांबवली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि स्टार्टर मारत बसावं लागतंय. म्हणून ती वाट बंद करणारं पॅकिंग घ्यायचं, किंवा एअर-गॅप प्रकारचा मॅनिफोल्ड, ज्यात वाटा आणि खालचा गरम भाग यात मोकळी जागा सोडलेली असते. पण एअर-गॅप उंच असतो, बॉनेट लागतंय का बघा. कुंभार गल्लीतनं शाडूचा गोळा आणून एअर क्लीनरवर ठेवायचा, बॉनेट हळूच लावायचं, उघडून माती किती दबली ते मोजायचं. झालं.

आता आपला आवडता विषय. “फाउंड्रीचं गाव आपलं, इथंच ओतून घेऊ की!” शिरोली, गोकुळ शिरगाव सगळं हाताशी, म्हणून मित्राला घेऊन उद्यमनगरात ओतकामाचे नमुने (पॅटर्न) करणाऱ्या एका काकांकडं गेलो. त्यांनी जुना मॅनिफोल्ड उलटा केला, वाटेत बोट घालून फिरवलं आणि म्हणाले, “करतो की, पण एका नगासाठी? पैसे जास्त झाल्यात काय रं तुला?” बरोबर आहे त्यांचं. आतल्या आठ वाकड्या वाटा वाळूच्या कोअरनं घडतात, पॅटर्न वेगळा, कोअर बॉक्स वेगळे, आणि ओतताना एखादा कोअर जरा सरकला की एक वाट बारीक, एक जाड, एक सिलिंडर उपाशी. विकतचा घ्यायचा, उद्यमनगरात फक्त फेस तपासून घ्यायचा, सिलिंडर हेड आधी मिलिंग केलेली असतील तर मॅनिफोल्डही त्या हिशोबानं मारून घ्यायचा. आतल्या वाटेत बोटाला कास्टिंगची धार लागली तर तेवढी घासा, आरसा करू नका, थोडा खरखरीतपणा राहिलेला बरा.

ऑर्डर देताना हेड कुठली ते बघा. १९८६ पर्यंतच्या हेडना बारा बोल्ट, १९८७ पासनं मधल्या बोल्टांचा कोन बदलला, आणि १९९६ पासनच्या व्होर्टेक हेडना आठच बोल्ट. चुकीचा आला तर अमेरिकेला परत पाठवायचं भाडं मॅनिफोल्डएवढं.

मित्रानं परफॉर्मर आरपीएम मागवलाय. बसवताना पुढच्या-मागच्या टोकाची कॉर्कची पट्टी फेकून द्यायची, तिथं आरटीव्ही सिलिकॉनची जाड रेघ ओढायची, बोल्ट मधनं बाहेर आळीपाळीनं, टॉर्क रेंचनं २५ फूट-पाउंड. ॲल्युमिनियम आहे, रागानं आवळू नका. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट एक-दोन नंबर मोठे लागतील, कारण पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे आणि त्याला एका भागाला हवेचं प्रमाण १४.७ भाग नाही, साडेतेराच्या आसपास लागतं, जुन्या जेटवर इंजिन लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालून तापणार.

आणि तो खाल्लेला लोखंडी मॅनिफोल्ड भंगारात घालू नका. ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची तर २०२१ च्या नियमात गाडी मूळ स्वरूपात असावी, इंजिनात मोठे बदल नसावेत असं आहे. ऑइल लावून, पोत्यात बांधून माळ्यावर टाका.